कुंडीतील रोपे : पाणी आणि निचरा

ठाणे शहरातील टेंभी नाका हे ठिकाण नवरात्रोत्सवासाठी सर्वत्र परिचित आहे. रेल्वे स्थानकापासून जवळच व जांभळी नाक्याच्या बाजारापासून थोड्याच अंतरावर असलेल्या ह्या नाक्यावर १९७८ सालापासून सार्वजनिक नवरात्रोत्सव साजरा होत आला आहे. त्याच दिवसांत जिल्ह्यातील असंख्य घरांतूनही आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसतात. पत्रावळीवर अथवा वेताच्या परडीत माती पसरतात, तीत गहू, भात, ज्वारी अशी धान्ये पेरतात, मध्यभागी पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात आणि नऊ दिवसांत घटाभोवती हिरवे-पिवळे अंकुर उभे राहतात. दसऱ्याला ते अंकुर टोपीत अथवा केसांत खोवले जातात.

हा विधी घरोघरी पाहिलेला असतो. परंतु त्यात वनस्पतिशास्त्राचा एक संपूर्ण पाठ दडलेला आहे, हे सहसा लक्षात येत नाही. माती थोडी, पात्र लहान, मुळांना पसरावयास जागा नाही, तरीही धान्य उगवते. ह्याची दोन कारणे आहेत. कच्च्या भाजणीच्या घटातून पाणी हळूहळू पाझरते व मातीला हवे तेवढे मिळते, हे पहिले कारण. परडीच्या अथवा पत्रावळीच्या फटींतून जास्तीचे पाणी निघून जाते, हे दुसरे कारण होय. पहिली गोष्ट पाणी देण्याची, दुसरी निचऱ्याची. कुंडीतील कोणत्याही रोपाचे जगणे-मरणे ह्या दोन गोष्टींवरच मुख्यतः अवलंबून असते.

प्राथमिक शाळांतून आज कुंड्या, डबे, जुने माठ, प्लॅस्टिकच्या बादल्या इत्यादींमध्ये रोपे लावण्याचा उपक्रम पुष्कळ ठिकाणी चालतो. जेथे परसबागेस जागा नाही, तेथे शालेय पोषण आहाराच्या खिचडीसाठी कोथिंबीर, मेथी, पालक, मिरची, कढीलिंब ह्यांची लागवड अशा पात्रांतूनच होते. हौसेने लावलेली ही रोपे वर्षअखेर किती उरतात, हे प्रत्येक शिक्षकाने एकदा मोजून पाहावे. जी मरतात त्यांपैकी पुष्कळशी पाण्याच्या अभावाने नव्हे, तर पाण्याच्या अतिरेकाने मरतात. पहिलीतील मूल आपल्या नावाच्या रोपाला सकाळी, मधल्या सुटीत आणि शाळा सुटताना प्रेमाने पाणी घालते. रोप कोमेजू लागले की ते आणखी पाणी घालते. शेवटी रोप मरते, आणि आपण काय कमी केले हे त्या मुलाला कळत नाही. पुढच्या वर्षी ते उत्साहाने रोप लावीत नाही. म्हणून ह्या विषयाचे ज्ञान शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

जमीन आणि कुंडी ह्यांतील भेद

जमिनीत लावलेल्या झाडाला आणि कुंडीतील झाडाला एकच नियम लावता येत नाही. शेतात पाऊस पडला की पाणी मातीच्या थरांतून खाली खाली उतरत जाते. खालची कोरडी माती वरच्या मातीतील पाणी ओढून घेते. कुंडीत मात्र माती तळाशी संपते. तळाच्या छिद्राखाली हवा असते आणि हवा पाणी ओढून घेत नाही.

मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते, त्याच प्रकारे ह्या पोकळ्या पाणी धरून ठेवतात. कुंडीस भरपूर पाणी दिले म्हणजे मोठ्या पोकळ्यांतील पाणी स्वतःच्या भाराने छिद्रातून गळून जाते. परंतु अगदी तळाशी एक थर पूर्ण चिंब राहतो. तेथील पाण्याचा भार मातीच्या धरून ठेवण्याच्या शक्तीपेक्षा कमी पडतो व ते गळत नाही. हा चिंब थर किती जाड असेल, हे मातीच्या कणांवर अवलंबून असते. कुंडीच्या उंचीवर नव्हे. कण बारीक असतील तर थर जाड, कण भरड असतील तर थर पातळ.

हे मुलांना दाखविण्यास एका स्पंजाखेरीज काही लागत नाही. आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून पूर्ण भिजवावा व तळहातावर आडवा धरावा. पाणी गळावयाचे थांबले म्हणजे तोच स्पंज न दाबता उभा धरावा. लगेच पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली. उथळ पात्रापेक्षा खोल पात्रात निचरा चांगला का होतो, ह्याचे उत्तर मुलांना येथे डोळ्यांनी दिसते. समजा, एखाद्या मातीत चिंब थर ४ सेंटिमीटर राहतो. ८ सेंटिमीटर खोलीच्या पसरट ट्रेमध्ये निम्मी माती चिंब राहील; २४ सेंटिमीटर खोलीच्या कुंडीत केवळ एक षष्ठांश राहील. म्हणून उथळ पात्रांत मेथी-कोथिंबिरीसारखी थोड्या दिवसांची पिके घ्यावी आणि कढीलिंब, जास्वंद अशी टिकाऊ झाडे खोल कुंडीत लावावी.

मुळांचा श्वासोच्छ्वास

पाणी अधिक झाले तर रोप का मरते? मुळेही श्वासोच्छ्वास करतात, हे त्याचे उत्तर. मातीतील पोकळ्यांत हवा असते व त्या हवेतील प्राणवायू मुळे घेतात. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा मार्ग जवळजवळ बंद होतो. कारण प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात, त्यांचे काम थांबते, पुढे ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे भोवती पाणी असूनही रोप तहानलेले राहते आणि माना टाकते. पाणी कमी पडलेले रोपही माना टाकते. बाहेरून दोन्ही दृश्ये सारखीच दिसतात, आणि तेथेच मुलांची व मोठ्यांचीही फसगत होते.

रोप कोमेजलेले दिसताच पाणी घालू नये. प्रथम माती पाहावी. माती कुंडीच्या कडेपासून सुटली असेल, कुंडी उचलण्यास हलकी लागत असेल, पाने कुरकुरीत झाली असतील, तर रोपाला पाणी हवे आहे. माती ओली असून रोप कोमेजले असेल, खालची पाने पिवळी पडून गळत असतील, मातीला कुबट वास येत असेल, तर पाणी तत्काळ थांबवावे. अशी कुंडी सावलीत, हवेशीर जागी ठेवावी व छिद्र बुजले आहे काय ते पाहावे. जरूर तर रोप मातीच्या गोळ्यासह बाहेर काढून काळी, मऊ पडलेली मुळे छाटावी आणि नव्या भुसभुशीत मातीत ते पुन्हा लावावे.

छिद्रे, खापर आणि खडी

पात्राच्या तळाशी छिद्र असलेच पाहिजे. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने पाच-सहा छिद्रे पाडावी; ती आतून बाहेर पाडावी, म्हणजे पत्र्याच्या कडा बाहेर वळतात व पाणी आत अडत नाही. हे काम शिक्षकाने स्वतः करावे. प्लॅस्टिकच्या बादलीला तापविलेल्या सळईने छिद्रे पाडता येतात. तेही मुलांकडून करवू नये.

छिद्र असूनही निचरा होत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. कुंडी सपाट फरशीवर अथवा सारवलेल्या अंगणात बसविली म्हणजे तिचे छिद्र जमिनीला चिकटते. कुंडीखाली विटेचे अथवा कौलाचे तीन तुकडे ठेवावे. बोटभर उंचीनेही पाण्याला वाट मिळते.

छिद्रावर खापराचा एक बाकदार तुकडा, फुगीर बाजू वर करून, ठेवण्याची पद्धत चांगली आहे. त्याने माती वाहून जात नाही आणि पाणी कडेने निसटते. काथ्याचा लहानसा बोळाही चालतो. परंतु निचरा वाढावा म्हणून तळाशी खडीचा अथवा खापरांचा जाड थर घालण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी विचार केला पाहिजे. बारीक मातीतील पाणी जाड खडीच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. माती चिंब होईपर्यंत ते वरच थांबते. त्यामुळे चिंब थर नाहीसा होण्याऐवजी खडीच्या वर सरकून मुळांच्या अधिक जवळ येण्याचा संभव असतो आणि मुळांना मिळणारी माती तेवढी कमी होते. माती व थर ह्यांच्या प्रकाराप्रमाणे परिणाम कमी-अधिक होतो, म्हणून ऐकीव मतावर न थांबता हा प्रश्न शाळेतच मोजून सोडवावा.

त्यासाठी एक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्याव्या. त्यांचे वरचे तोंड कापून तळाला सारखीच छिद्रे पाडावी. एकीत नुसती माती भरावी. दुसरीत तळाशी चार बोटे खडी व तीवर तीच माती, तितक्याच उंचीपर्यंत भरावी. दोन्हींत मोजून अर्धा लिटर पाणी सावकाश ओतावे. खाली ठेवलेल्या भांड्यांत पडलेले पाणी तासाभराने मोजावे. समजा, एकीतून तीनशे मिलिलिटर पाणी खाली आले, तर दोनशे मिलिलिटर मातीत राहिले. दुसरीतील मातीत किती राहिले? दुसरीत माती कमी आहे, हे विसरून चालेल काय? ओल्या मातीचा गडद पट्टा कोठपर्यंत दिसतो? वजाबाकी, तुलना आणि निरीक्षण ह्या तिन्हींचा अभ्यास एका प्रयोगात होतो.

माती कशी असावी

खरा निचरा खडीच्या थराने नव्हे, तर मातीच्या योग्य मिश्रणाने साधतो. भातखाचरातील चिकण माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत एकटी वापरू नये. ती ओली असता चिखल होते व वाळली असता विटेसारखी घट्ट बसते. कोकणातील तांबडी माती दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत अथवा पालापाचोळ्याचे खत एक भाग आणि भरड वाळू, विटेचा चुरा किंवा भाताचा तूस एक भाग, हे मिश्रण सर्वसाधारण रोपांस उपयोगी पडते. वाळू भरडच हवी. अगदी बारीक वाळू मातीच्या पोकळ्या उलट भरून काढते.

कुंडी काठोकाठ भरू नये. काठाखाली दोन ते तीन बोटे जागा मोकळी ठेवावी, म्हणजे पाणी ओतल्यावर ते वाहून न जाता मातीत मुरते. माती दाबून ठोकू नये. कुंडी जमिनीवर एक-दोनदा हलकेच आपटली म्हणजे पुरेसे होते.

पाणी केव्हा व किती द्यावे

'रोज एक तांब्या' असा नियम सोपा वाटला तरी तो चुकीचा आहे. ऊन, वारा, पानांचा विस्तार, कुंडीचा आकार व तिचा पदार्थ ह्यांनुसार पाण्याची गरज दररोज बदलते. पाण्याची वेळ घड्याळावरून नव्हे, तर मातीवरून ठरवावी. त्यासाठी तीन परीक्षा आहेत.

पहिली बोटाची. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावी. तेथे ओल लागली तर मोठ्या कुंडीस पाणी देऊ नये. वरची माती वाळलेली दिसणे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

दुसरी वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी उचलून पाहावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलावी. काही दिवसांत हातालाच वजनाचे ज्ञान होते. तराजू असेल तर नोंद अधिक काटेकोर होईल.

तिसरी आवाजाची. मातीच्या कुंडीवर लाकडी काठीने हलकेच टिचकी मारावी. आतील माती कोरडी असेल तर आवाज खणखणीत येतो, ओली असेल तर बद्द येतो. माठ घेताना बाजारात आई माठ वाजवून पाहते, ते मुलांनी पाहिलेले असते. ही परीक्षा त्यांना लगेच आवडते. प्लॅस्टिकच्या कुंडीस मात्र ती लागू पडत नाही.

पाणी द्यावयाचे ठरले म्हणजे ते पुरेसे द्यावे. छिद्रातून थोडे पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश ओतावे आणि मग पुढच्या गरजेपर्यंत थांबावे. वरवर शिंपडलेले घोटभर पाणी फक्त पृष्ठभाग भिजविते. खालची मुळे कोरडीच राहतात. छिद्रातून थोडे पाणी निघणे आणखी एका कारणाने हितकर असते. विहिरीच्या व विशेषतः कूपनलिकेच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून गेले की क्षार मागे राहतात. मातीच्या कुंडीबाहेर जी पांढरी पुटे दिसतात, ती ह्या क्षारांचीच असतात. अधूनमधून भरपूर पाणी दिले म्हणजे ते क्षार धुऊन निघतात.

माती फारच वाळून कडेपासून सुटली असेल तर ओतलेले पाणी फटीतून सरळ खाली निघून जाते आणि कुंडीस पाणी मिळाले असा भ्रम होतो. अशा वेळी कुंडी पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास ठेवावी. पाणी खालून वर चढते. नंतर ती बाहेर काढून निथळू द्यावी. पाणी शक्यतो सकाळी द्यावे.

मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी पाझरून उडून जाते. तिच्यातील माती लवकर वाळते. पण माठाप्रमाणेच ती थंड राहते. प्लॅस्टिक व पत्रा ह्यांतून पाणी उडत नाही, म्हणून त्यांना पाणी कमी वेळा लागते. पत्र्याचा डबा उन्हात फार तापतो, त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळावे.

ऋतुमानाप्रमाणे दक्षता

ठाणे जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीच्या तोंडात एकंदर किती पाणी पडेल, हे गणित वरच्या वर्गातील मुलांना घालावे. तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७०६ चौरस सेंटिमीटर व पावसाची उंची २५० सेंटिमीटर. म्हणजे सुमारे १७६ लिटर पाणी! एकाच दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर त्या कुंडीत सात लिटर पाणी उतरते. एवढे पाणी निघून जावयास वाट नसेल तर रोपाची अवस्था काय होईल, हे सांगावयास नको.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक छिद्र काडीने मोकळे करावे. कुंड्या पागोळ्यांखाली कधीही ठेवू नयेत; छपराच्या मोठ्या भागाचे पाणी तेथे एका धारेत पडते, माती उडते व मुळे उघडी पडतात. पाऊस थांबून कडक ऊन पडले की चार-पाच दिवसांतच माती वाळू लागते. पावसाळा आहे म्हणून पाहणी सोडू नये. आश्विनातील उष्म्यात पाण्याची गरज एकदम वाढते, हिवाळ्यात कमी होते आणि चैत्र-वैशाखात लहान कुंड्यांस सकाळ-सायंकाळ पाणी लागू शकते.

येथे तुळशीवृंदावनाचा विचार करणे उचित होईल. तुळशीवृंदावन ही महाराष्ट्रातील घराघरांतील जुनी कुंडीच होय. सकाळी स्नानानंतर तुळशीस पाणी घालण्याची प्रथा आहे. घरात माणसे अधिक असतील तर पाणीही अधिक वेळा पडते. पुष्कळ बांधीव वृंदावनांना तळाशी वाट ठेवलेली नसते. मग ऐन श्रावणात तुळस काळी पडते आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या मनाला अशुभाची शंका चाटून जाते. त्यात अशुभ काही नाही. मुळांना हवा मिळाली नाही एवढेच खरे आहे. वृंदावनाच्या पायाशी पाणी जाण्यास वाट करावी आणि पावसाळ्यात तांब्याऐवजी पळीभर पाणी घालावे. श्रद्धेला बाधा येत नाही आणि तुळसही जगते. मुलांनी ही गोष्ट घरी जाऊन आजीला नम्रपणे सांगितली, तर शाळेचा पाठ घरापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.

बशीतील पाणी व डास

कुंडीखाली बशी ठेवली असेल तर पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने ती रिकामी करावी. बशीत साचलेले पाणी छिद्रातून पुन्हा वर चढते व तळाची माती चिंबच राहते, हा एक तोटा. दुसरा तोटा याहून गंभीर आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस जातीचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात व पाणी आटले तरी काही महिने जिवंत राहू शकतात. म्हणून बशी नुसती रिकामी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी. आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगते, त्याचे कारण हेच. त्या दिवशी वर्गातील दोन मुलांनी शाळेतील सर्व बशा, डबे व उघडी भांडी तपासावी. हौसेने लावलेल्या कुंडीमुळे एखादे मूल तापाने अंथरुणास खिळावे, असे होता कामा नये.

पाण्याची काटकसर व सुटीतील व्यवस्था

शहापूर तालुक्यात तानसा, भातसा ह्यांसारखे मोठे जलाशय आहेत व त्यांचे पाणी मुंबईपर्यंत जाते. १८९२ साली तानसा धरण पूर्ण झाले. तरीही त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या मुलाची आई मैलभर चालून हंडा आणते, त्याच्या शाळेत कुंडीसाठी पाणी सांडणे हे शिक्षणास धरून नाही. पाणी ओतण्यापूर्वी बोटाने माती पाहणे ही तेथे केवळ बागेची रीत राहत नाही. तो सचोटीचा धडा ठरतो. जेवणापूर्वी साबणाशिवाय धुतलेल्या ताटल्यांचे व भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी बादलीत साठवून त्याच दिवशी कुंड्यांस द्यावे. मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटे थर पसरावा, म्हणजे ओल लवकर उडत नाही.

मे महिन्याच्या सुटीत शाळा बंद असते आणि बहुतेक कुंड्या त्याच काळात ओस पडतात. सर्वांत उत्तम मार्ग असा की प्रत्येक मुलाने आपली कुंडी घरी न्यावी. ते शक्य नसेल तर सर्व कुंड्या झाडाच्या सावलीत दाटीने एकत्र ठेवाव्या व शेजारच्या पालकांनी त्यांच्याकडे पाहावे. मोठ्या पात्रात एक लहान, रोगण न लावलेले मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व तोंड झाकावे. माती कोरडी होईल तसतसे पाणी मडक्यातून पाझरते. नवरात्रातील घटाचे तत्त्व ते हेच. ही युक्ती फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील फान शंग-ची ह्या चिनी ग्रंथकाराच्या कृषिग्रंथात पुरलेल्या मडक्याने पाणी देण्याचे वर्णन आढळते. लहान कुंडीसाठी सुती दोरीचे एक टोक मातीत खोल पुरावे व दुसरे उंचावर ठेवलेल्या झाकलेल्या बादलीत सोडावे. दोरीतून पाणी येत राहते. ही योजना सुटीपूर्वी आठवडाभर चालवून पाहावी व मगच तिच्यावर विसंबावे.

वर्गातील अभ्यास

कुंडी हे शास्त्राच्या इतिहासातील एक नामांकित साधन आहे, हेही मुलांना सांगावे. बेल्जम देशातील व्हान हेल्माँट ह्याने दोनशे पौंड वाळविलेली माती पात्रात भरून तीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले व पाच वर्षे फक्त पाणी दिले. पाच वर्षांनी झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले; माती मात्र अवघी दोन औंस घटली. झाड पाण्यापासूनच झाले, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याचा हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, प्रसिद्ध झाला. त्याचे मोजमाप प्रामाणिक होते, परंतु निष्कर्ष अपुरा होता. झाड हवेतील कर्बवायूही घेते, हे तेव्हा ज्ञात नव्हते. पुढे १७२४ साली इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स ह्याने कुंडीतील साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल, मातीवर झाकण बसवून, सकाळ-सायंकाळ तोलले. दिवसाच्या बारा तासांत ते सरासरी सव्वा पौंड, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमांहून थोडे अधिक, पाणी पानांवाटे बाहेर टाकते असे त्याला दिसून आले. १७२७ साली त्याने हे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

खेड्यातील शाळेलाही असा प्रयोग करता येईल. दोन सारख्या कुंड्या घ्याव्या. एकीत रोप असावे, दुसरीत नुसती माती. दोन्हींना पाणी देऊन निथळल्यावर तोलावे आणि पुढील सात दिवस ठरलेल्या वेळी वजन लिहावे. दिनांक, हवामान, दोन्हींचे वजन व घट असे रकाने असलेला तक्ता भिंतीवर लावावा. घट कोणत्या कुंडीत अधिक, उन्हाच्या दिवशी किती, ढगाळ दिवशी किती, ह्यांची उत्तरे मुले स्वतः काढतील.

प्रत्येक कुंडीसाठी एकाच मुलाची नेमणूक करून भागत नाही. दोन मुलांची जोडी असावी. एकाने माती तपासून 'पाणी हवे' किंवा 'नको' एवढेच सांगावे व दुसऱ्याने पुन्हा तपासून मगच पाणी द्यावे अथवा न द्यावे. नोंदवहीत 'आज पाणी दिले नाही' हीही नोंद कामाची नोंद म्हणून मानावी. रोप मेलेच तर ते टाकून देण्यापूर्वी कुंडी उपडी करून मुळे सर्व वर्गाने पाहावी. मुळे काळी व मऊ आहेत की वाळून ठिसूळ झाली आहेत, एवढे पाहिले की कारण कळते. आणि ज्या मुलाच्या नावाचे ते रोप होते, त्याच्याच हाती दुसरे रोप द्यावे.